गोळ्यांच्या स्ट्रिपची मागची बाजू आणि बी.फार्म.नंतरची नोकरी

औषधाच्या दुकानातून आणलेली पॅरासिटामॉलची स्ट्रिप आपण हातात घेतो, गोळी काढतो आणि पाण्याबरोबर घेऊन टाकतो. स्ट्रिपची मागची बाजू वाचलीच, तर मुदत संपली आहे का, एवढ्यापुरती. फार्मसीचे शिक्षण घेऊन औषध कंपनीत जाऊ पाहणाऱ्या मुलांनी मात्र ही मागची बाजू सावकाश वाचावी, असे मी नेहमी सांगतो. परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, उत्पादनाचा महिना, मुदत संपण्याचा महिना, औषधाच्या नावापुढची ‘आय.पी.’ ही अक्षरे आणि किंमत, यांतल्या प्रत्येक मजकुरामागे कंपनीतल्या कोणत्या ना कोणत्या विभागाची सही असते. कोणती ओळ कोणाच्या जबाबदारीवर छापली जाते हे कळले, की कंपनीत कोणती कामे असतात आणि त्यांतले आपल्याला कोणते पेलेल, याचा अंदाज येऊ लागतो.

कोल्हापूरच्या मुलांना हा अंदाज आधी असणे जास्त गरजेचे आहे. शहरात, वारणानगरला आणि आसपासच्या तालुक्यांत फार्मसीची महाविद्यालये आहेत, पण शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहती वाढल्या त्या मुख्यतः ओतकाम आणि यंत्रभाग यांवर. मेकॅनिकलच्या मुलाला सायकलवरून जाता येईल अशा अंतरावर उमेदवारी मिळू शकते; फार्मसीच्या मुलाला बहुधा घर सोडावे लागते. आंबोलीचा घाट उतरून गोव्यात वेर्णा-कुंडईला, नाहीतर दौंडजवळच्या कुरकुंभला, छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज-शेंद्र्याला, किंवा थेट हैदराबाद आणि हिमाचलातल्या बद्दीपर्यंत. म्हणून ‘‘साहेब, पोरगं बी.फार्म. झालंय, कुठं तरी कंपनीत चिकटवा की,’’ असे एखादे वडील म्हणतात, तेव्हा मला त्यातला ‘कुठं तरी’ हा शब्द खटकतो. पहिली दोन वर्षे कुठे आणि कोणत्या विभागात गेली, यावर पुढची वाट बरीच ठरते, आणि त्यातला काही भाग तर चक्क कायद्यात लिहून ठेवलेला आहे.

तो भाग परवाना क्रमांकाच्या ओळीत दडलेला आहे. औषध तयार करण्याचा परवाना 1940 च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली आणि 1945 च्या नियमांनुसार मिळतो. नुसती इमारत आणि यंत्रे दाखवून तो मिळत नाही. उत्पादन कोणाच्या देखरेखीखाली होणार, त्या माणसाची पात्रताही नियमांत घालून दिलेली आहे. फार्मसीच्या पदवीधराला त्यासाठी पदवीनंतर औषध उत्पादनाचा किमान 18 महिन्यांचा प्रत्यक्ष अनुभव लागतो. रसायनशास्त्र हा मुख्य विषय घेऊन बी.एस्सी. झालेल्याला तोच अधिकार मिळवायला किमान 3 वर्षांचा अनुभव लागतो. पदवी घेत असतानाच विद्यार्थ्याने 6 महिने उत्पादनाचे प्रशिक्षण घेतले असेल, तर फार्मसीवाल्याचे 18 महिने तेवढ्याने कमी होऊ शकतात. अनुभव भरल्यावर कंपनी त्या व्यक्तीचे नाव राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे (एफडीए) पाठवते आणि प्रशासनाने मान्यता दिली, की तो ‘अप्रूव्ह्ड केमिस्ट’ होतो. नोकरीच्या जाहिरातीत ‘एफडीए अप्रूव्ह्ड, टॅब्लेट सेक्शन’ असे लिहिलेले असते ते यालाच उद्देशून. अमेरिकेच्या एफडीएशी त्याचा संबंध नाही, हे सांगायचे कारण एवढेच की मुलाखतीला निघालेल्या मुलांनीसुद्धा मला हा प्रश्न विचारलेला आहे.

आता बॅच क्रमांक. एका वेळी, एका कृतीने, एकसारख्या तयार झालेल्या मालाची ती ओळख असते आणि तिच्यामागे एक जाडजूड दस्तऐवज असतो. त्याला बॅच मॅन्युफॅक्चरिंग रेकॉर्ड किंवा कंपनीतल्या बोलीत बीएमआर म्हणतात. कोणत्या पोत्यातले किती औषधद्रव्य कोणी तोलले, कोणी पडताळले, मिश्रण किती मिनिटे फिरवले, ड्रायर किती अंशांवर होता, हे सारे त्यात ओळीने नोंदलेले असते.

हे समजायला आपल्याकडचे गुऱ्हाळ फार उपयोगी आहे. काहिलीतला पाक कधी उतरवायचा, हे गुळव्या थेंबभर पाक पाण्यात टाकून, बोटांत गोळी वळवून ठरवतो. गोळ्या बनवण्यातली पहिली मोठी पायरी, म्हणजे औषधाच्या पुडीला बंधक द्रावण घालून तिचे दाणे करणे, हीसुद्धा पूर्वी अशीच हातावर चालत असे. जुना कारागीर ओला लगदा मुठीत दाबायचा आणि मूठ उघडून गोळा मोडायचा. तो स्वच्छ मोडला तर लगदा तयार, चिकटला तर द्रावण जास्त झाले. कसब तेच आहे, पण गुळव्याची ढेप एखाद्या दिवशी थोडी मऊ झाली तर गिऱ्हाईक कुरकुर करते, आणि औषधाचे दाणे बिघडले तर गोळी पोटात वेळेवर विरघळत नाही. त्यामुळे आता मिक्सरच्या मोटरने किती अँपिअर घेतले, द्रावण किती मिनिटांत घातले, हे आकडे आधी सिद्ध करून बीएमआरमध्ये बांधून ठेवतात. प्रॉडक्शनमध्ये लागलेल्या मुलाचे काम म्हणजे हे आकडे पाळून माल काढणे, कामगारांची पाळी सांभाळणे आणि यंत्र अडले तर कुठे थांबायचे, हे वेळीच ओळखणे.

गोळी दाबण्याच्या यंत्रापाशी हे आणखी जवळून दिसते. समजा, एका गोळीचे ठरलेले वजन 580 मिलिग्रॅम आहे. ठराविक वेळाने 20 गोळ्या उचलून एकेक तोलायच्या. भारतीय औषधसंहितेच्या नियमानुसार एवढ्या वजनाच्या गोळीला सरासरीच्या 5 टक्के आत-बाहेर सूट असते, म्हणजे सरासरी 580 भरली तर साधारण 551 ते 609. वीसपैकी दोनपेक्षा जास्त गोळ्या या मर्यादेबाहेर जाता कामा नयेत आणि दुप्पट मर्यादेबाहेर एकही जाता कामा नये. मग त्या गोळ्या एका फिरत्या गोल डब्यात घालून 100 फेरे देतात; वजनात 1 टक्क्याहून अधिक घट आली, तर गोळी ठिसूळ ठरते. बी.फार्म.च्या प्रॅक्टिकलला हे सगळ्यांनीच केलेले असते, पण तिथे सहा गोळ्या आणि एक जर्नल असते, इथे तासाला लाखाच्या हिशेबात गोळ्या पडत असतात आणि निर्णय तुम्हाला उभ्याउभ्या घ्यायचा असतो.

प्रॉडक्शनच्या शेजारीच गुणवत्तेचे दोन विभाग असतात आणि नवख्यांचा त्यांत हमखास घोळ होतो. क्यूसी, म्हणजे गुणवत्ता नियंत्रण, प्रयोगशाळेत नमुना तपासते. क्यूए, म्हणजे गुणवत्ता हमी, साऱ्या कामावरच नजर ठेवते: यंत्र आधीच्या मालापासून साफ झाले का, लाइन क्लिअरन्स, म्हणजे आधीच्या मालाचे काही मागे राहिले नसल्याची खात्री, झाला का, बीएमआर पूर्ण भरला का, चुकले असेल तर त्याची डेव्हिएशन म्हणून नोंद झाली का आणि मूळ कारण सापडले का. बॅच बाजारात सोडायची की नाही, यावरची शेवटची सही क्यूएची असते. ‘आय.पी.’ ही दोन अक्षरे छापली जातात ती मात्र क्यूसीच्या जिवावर. इंडियन फार्माकोपिया, म्हणजे भारतीय औषधसंहिता, त्या औषधासाठी शुद्धता, विरघळण्याचा वेग, अशुद्धींची मर्यादा वगैरे जे मापदंड घालते, त्या सर्वांना हा माल उतरला आहे, असा त्या अक्षरांचा अर्थ.

ही तपासणी का हवी, याला महाराष्ट्रातलेच उदाहरण आहे. 1986 च्या सुरुवातीला मुंबईच्या जे.जे. रुग्णालयात रुग्णांना दिलेल्या ग्लिसरीनमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन निघाले आणि 14 रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने त्याची चौकशी केली. डायइथिलीन ग्लायकॉल दिसायला आणि चवीला ग्लिसरीनसारखेच असते; दोन्ही पातळ, पारदर्शक, गोडसर. डोळ्यांनी आणि जिभेने न कळणारा हा फरक फक्त प्रयोगशाळेत कळतो. फार्मसीच्या प्रत्येक विद्यार्थ्याने ही घटना एकदा तरी बारकाईने वाचावी, असे मला वाटते.

मी स्वतः सुरुवात क्यूसीतून केली, गोव्यातल्या एका कारखान्यात. दुसऱ्याच महिन्यात, रात्रपाळीला, तराजूच्या प्रिंटरचा कागद संपला. नवा रोल आणायला स्टोअरपर्यंत कोण जाणार, म्हणून मी दहा वजने हातमोज्यांच्या पाकिटाच्या मागे पेनने लिहिली, नंतर नीट अक्षरात वहीत उतरवली आणि पाकीट टोपलीत टाकले. सकाळी विभागप्रमुख मॅडमनी वही पाहिली, आकडे तपासले आणि एवढेच विचारले, ‘‘मूळ नोंद कुठे आहे?’’ आकडे सगळे बरोबर होते. तरीही चाचणी पुन्हा करावी लागली, माझ्या नावावर डेव्हिएशन पडले आणि आठवडाभर मला नमुन्याला हात लावू दिला नाही. तेव्हा मला तो छळ वाटला. या क्षेत्रात नोंद कशी असावी याचे पाच निकष आहेत आणि त्यांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून सगळे त्याला ‘अल्कोआ’ म्हणतात: कोणी लिहिली ते कळावे, वाचता यावी, काम होत असताना त्याच वेळी लिहिलेली असावी, मूळ असावी, अचूक असावी. माझी नोंद अचूक होती, पण मूळ नव्हती आणि वेळेवरची नव्हती. आकडा चुकलाच, तर त्यावर एकच रेघ मारायची, आधीचा आकडा वाचता आला पाहिजे, शेजारी बरोबर आकडा, सही, तारीख आणि कारण. व्हाइटनरची बाटली प्रयोगशाळेत सापडणे हाच गुन्हा. तपासणीला आलेला अधिकारी गोळी हातात घेऊन पाहत नाही, तो वह्या पाहतो आणि टोपलीतही डोकावतो.

महाविद्यालयात या गोष्टीची सवय लावली जात नाही, उलट जर्नल घरी बसून ‘फेअर’ करायला सांगितले जाते. आपल्या शिक्षणातली ही सवय मला नेहमीच उरफाटी वाटत आली आहे.

मुदत संपण्याचा महिना कोण ठरवतो, तर संशोधन व विकास विभागातली स्थिरता-चाचणी करणारी मंडळी. भारतासारख्या उष्ण आणि दमट प्रदेशासाठी औषध बंद कपाटात 30 अंश सेल्सियस आणि भरपूर आर्द्रतेत दीर्घकाळ ठेवून पाहतात. शिवाय घाईच्या चाचणीसाठी 40 अंश आणि 75 टक्के आर्द्रतेत 6 महिने. जुलैत कोल्हापुरात दोरीवरचे कपडे चार-चार दिवस सुकत नाहीत, त्या हवेत स्वयंपाकघराच्या फळीवर पडलेली गोळी टिकेल का, याचे उत्तर त्या बंद कपाटात आधीच शोधलेले असते. या विभागात शिरायला मात्र सहसा एम.फार्म. लागते. त्यासाठी जीपॅट ही देशपातळीवरची परीक्षा आहे आणि मोहालीसारख्या नायपर, म्हणजे औषधनिर्माणशास्त्राच्या राष्ट्रीय, संस्थांची प्रवेशपरीक्षा वेगळी असते. जीपॅट उत्तीर्ण होऊन मान्यताप्राप्त महाविद्यालयात प्रवेश घेतल्यास दरमहा 12,400 रुपयांचे विद्यावेतन मिळते. नवी औषधरचना किंवा विश्लेषण-पद्धती विकसित करण्याची खरी ओढ असेल, तर एम.फार्म. जरूर करावे. नोकरी लागेना म्हणून केलेले एम.फार्म. मात्र दोन वर्षांनी त्याच प्रॉडक्शनच्या रांगेत आणून उभे करते, तेही पुढे गेलेल्या वर्गमित्रांच्या मागे.

काही कामे स्ट्रिपवर दिसतच नाहीत. रेग्युलेटरी अफेअर्सची मंडळी औषधाची सारी माहिती पाच भागांच्या ठरावीक साच्यात मांडून देशोदेशींच्या नियामकांकडे पाठवतात. कारखान्यात दोन-तीन वर्षे घालवून मग तिकडे गेलेला माणूस या कामात अधिक तरतो, कारण कागदावरचे वाक्य वाचताना त्याला यंत्र डोळ्यांसमोर दिसते. फार्माकोव्हिजिलन्स, म्हणजे औषध बाजारात आल्यानंतर त्याच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणे, हे पुणे-मुंबईच्या वातानुकूलित कार्यालयांत संगणकापुढे बसून करायचे काम आहे. इंग्रजी चांगले हवे आणि एकाच साच्याचे काम न कंटाळता करता यायला हवे. पाळीचे काम नको असणाऱ्यांना ते मानवते.

कोल्हापूर सोडायचेच नसेल तर एम.आर.चे, म्हणजे वैद्यकीय प्रतिनिधीचे काम आहे. कोल्हापूर हेडक्वार्टर धरले तर इचलकरंजी, जयसिंगपूर, गडहिंग्लज, निपाणी आणि रुग्णालयांचे गाव मिरज, असा दौरा आखावा लागतो. डॉक्टरांच्या दाराशी रात्री साडेनऊपर्यंत थांबणे, औषध दुकानांत आपल्या मालाची मागणी किती ते विचारणे, स्टॉकिस्टकडचे, म्हणजे घाऊक विक्रेत्याकडचे, महिनाअखेरचे क्लोजिंग (शिल्लक साठा) जुळवणे, आणि टार्गेट. फार्मसीचा अभ्यास केलेल्याला औषध समजावून सांगता येते ही जमेची बाजू, पण या नोकरीला फार्मसीचीच पदवी हवी अशी अट नसते, त्यामुळे पदवीने मिळणारा कायदेशीर हक्क इथे वापरला जात नाही. चार वर्षे एम.आर. राहून मग प्रॉडक्शनमध्ये जायचे म्हटले, तर त्या 18 महिन्यांचा हिशेब पुन्हा शून्यापासून सुरू होतो.

डी.फार्म. झालेल्यांचा रस्ता थोडा वेगळा आहे. दोन वर्षांचा पदविका अभ्यासक्रम आणि 500 तासांचे प्रशिक्षण झाल्यावर, नोंदणीच्या त्या वेळच्या अटी पूर्ण करून, राज्य फार्मसी कौन्सिलकडे नोंदणी होते. त्यानंतर औषध दुकान किंवा सरकारी रुग्णालयातले औषधनिर्माण अधिकाऱ्याचे पद, ही नेहमीची ठिकाणे. कंपनीत पुढे जायचे असेल, तर बी.फार्म.च्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळतो, तो घ्यावा. एक गोष्ट मात्र स्पष्ट लिहितो. आपले नोंदणी प्रमाणपत्र दुसऱ्याच्या दुकानाला महिन्याच्या भाड्याने देण्याचा प्रकार आपल्याकडे सर्रास चालतो आणि घरचेही ‘बसून पैसे येतायत’ म्हणून खूश असतात. फार्मासिस्टच्या देखरेखीशिवाय औषध देणे हा गुन्हा आहे आणि त्या दुकानात काही विपरीत घडले, तर भिंतीवरच्या चौकटीत फोटो तुमचा असतो. शिवाय दुकानात नाव आणि कारखान्यात नोकरी, हे कागदोपत्री एकाच वेळी दिसले, तर कंपनीतला अनुभवही संशयाखाली येतो.

औषध निरीक्षकाच्या पदाचे आकर्षण अनेकांना असते. महाराष्ट्रात ही भरती लोकसेवा आयोगामार्फत होते. लस, सिरम यांसारख्या विशेष औषधांच्या कारखान्याची तपासणी करण्याचा अधिकार मिळायला त्या प्रकारच्या उत्पादनाचा किंवा चाचणीचा 18 महिन्यांचा अनुभव हा एक मार्ग नियमांत दिलेला आहे. जागा निघायला वर्षे लागतात, म्हणून नुसते घरी बसून अभ्यास करण्यापेक्षा कारखान्यात राहून अभ्यास केलेला बरा.

सध्याचा काळ नवख्यांना तसा अनुकूल आहे. उत्तम उत्पादन पद्धतींची नियमावली, म्हणजे शेड्यूल एम, 28 डिसेंबर 2023 च्या अधिसूचनेने नव्याने लिहिली गेली. जोखमीचे मूल्यमापन, उत्पादनाचा वार्षिक आढावा, संपूर्ण गुणवत्ता-व्यवस्था या गोष्टी, ज्या आधी परदेशी माल पाठवणारे मोठे कारखानेच करत, त्या आता लहान कारखान्यांनाही कराव्या लागतात. याचा सरळ अर्थ असा की, लिहिता येणारी आणि लिहिलेले पाळणारी माणसे लागणार आहेत. म्हणूनच पहिली नोकरी लहान कारखान्यात मिळाली तर नाक मुरडू नये. तिथे एकाच मुलाला तोलण्यापासून पॅकिंगपर्यंत सारे पाहायला मिळते, मोठ्या ठिकाणी वर्षभर एकाच खोलीतली एकच पाळी. कॉट बेसिसवर चौघांत राहणे, मोबाइल लॉकरमध्ये ठेवून आठ तास टोपी-मास्कमध्ये वावरणे आणि दसऱ्याला रजा न मिळणे, याची तयारी दोन्हीकडे हवी. नोकरी लावून देतो म्हणून आधी पैसे मागणाऱ्यापासून दूर राहावे आणि मूळ गुणपत्रिका कोणाच्याही ताब्यात ठेवू नयेत. पडताळून परत घ्याव्यात.

राहिले अनुभवपत्र. ‘अमुक इसमाने आमच्याकडे दीड वर्ष समाधानकारक काम केले’ असे मोघम पत्र मान्यतेच्या वेळी कामाचे नसते, कारण मान्यता टॅब्लेट, कॅप्सूल, द्रवऔषधे, इंजेक्शन अशी औषधप्रकारानुसार पाहिली जाते. पत्रात विभाग, औषधप्रकार, कामाचे स्वरूप, रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख आणि कारखान्याचा परवाना क्रमांक, हे सारे असावे. नोकरी सोडून सहा महिन्यांनी फोन केला तर एचआरमधला माणूस बदललेला असतो. म्हणून राजीनाम्याच्या अर्जासोबतच मसुदा टाइप करून द्यावा आणि सही-शिक्क्याचे पत्र हातात पडल्यावरच कोल्हापूरची एसटी पकडावी.